रीफ टँकमध्ये छोटे रॅस मासे: कोणते चालतात, कोणते टाळायचे आणि आणायचे कसे

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, स्थिरावला, प्रवाळ रोज नीट उघडू लागले, की बहुतेकांची नजर रॅस माशांकडे वळते. रंग भडक, दिवसभर पोहणं, कोपऱ्यात दडून बसायची सवय नाही. मग पहिला प्रश्न येतो, हे रीफ-सेफ, म्हणजे प्रवाळांना त्रास न देणारे, आहेत ना? विक्रीला येणारे छोटे रॅस जवळपास सगळेच प्रवाळांना तोंड लावत नाहीत, हे खरं आहे. पण तेवढ्यावर मासा घरी आणू नका. तो गोगलगायी आणि कोळंब्या खाईल का, दुसऱ्या माशांना छळेल का, हेही विचारायला हवं. आणि एक प्रश्न सहसा राहूनच जातो: तुमचा टँक त्या माशासाठी सुरक्षित आहे का? मला हाच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. छोट्या रॅसमुळे प्रवाळ गेले असं क्वचितच ऐकू येतं, रॅस उडी मारून जमिनीवर पडला आणि मेला हे मात्र सतत ऐकू येतं.

१. आधी नाव पक्कं करा

रॅस ज्या लॅब्रिडी कुळातले, त्यात पाचशेहून जास्त जाती आहेत. काही सहा सेंटिमीटरवर थांबतात, तर नेपोलियन रॅस दोन मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे समोरचा चार-पाच सेंटिमीटरचा मासा जातीनंच छोटा आहे की नुसता वयानं लहान आहे, हे आधी शोधायचं.

नवखे लोक फसतात ते इथेच. कोरिस गायमार्ड या रॅसचं पिल्लू लालभडक असतं, पाठीवर काळ्या कडांचे पांढरे ठिपके. इतकं देखणं की हात आवरत नाही. ते ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि तोपर्यंत तुमच्या खेकडे-गोगलगायींचा फडशा पाडतं. कोरिस आयगुलाचं पिल्लू पांढरं, पाठीवर दोन नारिंगी डाग. तो मासा एक मीटरच्या वर जातो. ड्रॅगन रॅसचं पिल्लू वाहत्या शेवाळाच्या तुकड्यासारखं डुलत पोहतं, मोठेपणी मात्र ३० सेंटिमीटरचा होऊन दगड उलथतो आणि खालचे जीव खातो. नीट न चिकटवलेले प्रवाळाचे तुकडेही तो उलथून टाकतो. थॅलॅसोमा गटातले मून रॅस वगैरे रीफ टँकसाठी विचारातही घेऊ नका. कोळंबी, खेकडे आणि छोटे मासे हे त्यांचं रोजचं खाणं आहे.

बोलीभाषेतल्या नावांवर विसंबू नका. 'ख्रिसमस रॅस' या एकाच नावाखाली हॅलिकोरस गटातले बऱ्यापैकी शांत मासेही विकले जातात आणि थॅलॅसोमा ट्रायलोबॅटम हा ३० सेंटिमीटरचा दांडगा मासाही. 'यलो कोरिस' हा तर कोरिस नाहीच, तो हॅलिकोरस क्रायसस. विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या, त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या नराचा फोटो बघा आणि मगच पुढची बोलणी करा.

आकारानं छोटे असूनही खरोखर प्रवाळ खाणारे मोजके रॅस आहेत. डिप्रॉक्टॅकॅन्थस झॅन्थुरस हा जेमतेम १० सेंटिमीटरचा. लहानपणी तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, मोठेपणी प्रवाळांचे पॉलिप, म्हणजे प्रवाळ ज्यांचे बनतात ते इवले मऊ जीव, खातो. लॅब्रॉप्सिस गटाचं साधारण असंच. लॅब्रिक्थिस म्हणजे ट्यूबलिप रॅसही पॉलिपवरच जगतो. त्याचे जाड, नळीसारखे ओठ त्यासाठीच आहेत. ही तीन नावं लक्षात ठेवलीत तर प्रवाळांची काळजी बरीचशी मिटली.

२. टँकमध्ये आधीपासून कोण आहे ते लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. मासे, कोळंब्या, खेकडे, गोगलगायी, शिंपले, नळीतून पिसारा काढणारे फेदर डस्टर किडे, सगळे.

रॅसच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, कवच फोडायला. म्हणून नियम सोपा आहे: जे त्याच्या तोंडात मावतं ते धोक्यात. प्रौढ क्लीनर कोळंबीला सात-आठ सेंटिमीटरच्या रॅसची भीती नाही. थॉर अम्बॉइनेन्सिस म्हणजे सेक्सी श्रिंप इतकुशी असते, तिची खात्री देता येणार नाही. कोळंबी मोठी असली तरी कात टाकल्यावर काही तास तिचं अंग मऊ असतं, तेव्हा तिला लपायला अरुंद कपारी हव्यात. हॅलिकोरस गटातले मासे ठेवणार असाल तर छोट्या गोगलगायी आणि फेदर डस्टर कमी होत जातील हे धरून चाला.

तुमच्याकडे मँडरिन मासा असेल तर थांबा. मँडरिन दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव टिपून जगतो आणि सिक्सलाइन, लेपर्ड, पॉसम हे सगळे रॅस (त्यांच्याबद्दल पुढे) त्याच कोपेपॉडवर डल्ला मारतात. लहान टँकमध्ये या ओढाताणीत मँडरिन हळूहळू उपाशी मरतो. पोट आत गेलेलं दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

३. आता जात निवडा

माझ्या मते नवख्याच्या छोट्या टँकसाठी सगळ्यांत चांगली निवड म्हणजे पॉसम रॅस, म्हणजे वेटमोरेला. सहा ते आठ सेंटिमीटर, तपकिरी-लालसर अंग, त्यावर बारीक फिकट पट्टे. शंभर लिटरच्या आसपासच्या टँकमध्येही तो सुखानं राहतो. प्रवाळ, गोगलगायी, कोळंब्या, कुणालाच त्रास नाही. लाजाळू मात्र फार. पहिले काही दिवस तो दगडांच्या सावलीतून सरकताना ओझरता दिसेल, एवढंच. दांडग्या माशांबरोबर ठेवलात तर खाण्यापर्यंत पोचणारच नाही. स्यूडोकायलिनॉप्स अटेनिया हा गुलाबी रेघांचा रॅसही याच स्वभावाचा आणि तेवढाच छोटा आहे.

दोनशे लिटर किंवा जास्त जागा असेल तर फ्लॅशर रॅस घ्या, म्हणजे पॅराकायलिनस. कार्पेंटरी, मकॉस्करी, फिलामेंटोसस या जाती सहसा मिळतात. सात-नऊ सेंटिमीटर, वरच्या पाण्यात तरंगणारे जीव खाणारे, स्वभाव गरीब. दिवे मंद व्हायला लागले की नराचं प्रदर्शन सुरू होतं. तो मादीसमोरून झर्रकन जातो, सगळे पर ताणून उभे करतो, पाठीच्या परातून निघालेले धागे ताठ होतात आणि अंगावरच्या रेघा क्षणभर विजेसारख्या निळ्या पेटतात. पुढच्या क्षणी पर मिटून तो पुन्हा साधा मासा होतो. हे बघायचं असेल तर एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवा. एकट्या नराचे रंग काही महिन्यांत उतरू शकतात.

फेअरी रॅस म्हणजे सिरिलॅब्रस. हे फ्लॅशरचे जवळचे नातेवाईक, थोडे मोठे, थोडे तापट. प्रवाळांना आणि बहुतेक सगळ्या अपृष्ठवंशी जीवांना सुरक्षित. यांच्यात आकाराचा फरक मोठा आहे. लुब्बॉकी छोटा आणि मवाळ, तर सायनोप्ल्यूरा १५ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि छोट्या रॅसना हुसकावतो. एका जातीचा एकच नर ठेवा. या गटातल्या जाती अजूनही नव्यानं कळताहेत. मालदीवमधला गुलाबी फेअरी रॅस वर्षानुवर्षं रुब्रिस्क्वामिस समजला जात होता. तो वेगळी जात आहे हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याला सिरिलॅब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळालं. वर्णन करणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच शास्त्रज्ञ होते.

फ्लॅशर आणि फेअरी दोघेही रात्री दगडाच्या फटीत शिरून स्वतःभोवती चिकट द्रवाचा पारदर्शक कोष विणतात. पहाटे टॉर्च मारून बघितलंत तर बुडबुड्यासारख्या आवरणात मासा आडवा, निश्चल पडलेला दिसेल, आवरणावर बारीक कचरा चिकटलेला. नवीन लोक घाबरून त्याला मेलेला समजतात आणि काठीनं ढोसतात. तसं करू नका. उजाडल्यावर तो कोष फाडून बाहेर येतो आणि त्याची लक्तरं थोडा वेळ पाण्यात तरंगत राहतात.

कीड आवरण्यासाठी रॅस हवा असेल तर यलो कोरिस किंवा हॅलिकोरस मेलान्युरस बघा. दोन्ही १२ सेंटिमीटरच्या आसपास. चपटे कृमी आणि ट्रायडॅक्ना शिंपल्यांचा रस शोषणाऱ्या पिरॅमिडेलिड गोगलगायी ते वेचून खातात. पण कीड कोणती आणि आपली हौसेनं आणलेली गोगलगाय कोणती, हा भेद ते करत नाहीत. यलो कोरिस त्यातल्या त्यात सौम्य. रीफमध्ये पहिला वाळूत झोपणारा रॅस म्हणून मी त्याचंच नाव घेईन.

सिक्सलाइनबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्यांच्या हाती सगळ्यांत आधी तोच पडतो. स्यूडोकायलिनस हेक्साटेनिया. जांभळ्या अंगावर सहा नारिंगी रेघा, हिरवट शेपूट, मजबूत, काहीही खाणारा, सहज मिळणारा. प्रवाळांना पूर्ण सुरक्षित. तो शिकार करताना काचेला डोळा लावून बघा. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, दगडाचा एकेक खळगा तो तपासतो, थबकतो, मान वाकडी करतो आणि टिपतो. हे सगळं मोहक आहे. पण टँक एकदा आपला मानला की त्यानंतर आलेल्या प्रत्येक शांत माशाला तो हैराण करतो. परांचे तुकडे करतो, खायला येऊ देत नाही, फटीत कोंडून ठेवतो. गोबी, फायरफिश, पॉसम, फ्लॅशर यांचे हाल सर्वांत जास्त. काही सिक्सलाइन वर्षानुवर्षं सरळ राहतात हे खरं, पण आपल्या वाट्याला कोणता येईल हे आधी कळत नाही. म्हणून फ्लॅशर किंवा पॉसम ठेवायचा विचार असेल तर सिक्सलाइन आणूच नका. आणायचाच असेल तर बाकी सगळे मासे रुळल्यावर, सर्वांत शेवटी. त्याचे चुलतभाऊ फोरलाइन आणि एटलाइन हेही असेच, एटलाइन तर अंगानंही मोठा.

लेपर्ड रॅस, म्हणजे मॅक्रोफॅरिंगोडॉन, रीफ-सेफ आहेत, सुंदर आहेत आणि पहिल्या वर्षात घेऊ नयेत. प्रवासात ते फार खचतात, बारीक जिवंत खाद्याशिवाय बरेचदा खातच नाहीत. कोपेपॉडनी भरलेला, निदान वर्षभर चाललेला टँक असेल तरच विचार करा. टॅमरिन रॅसचंही तेच.

क्लीनर रॅसही विकला जातो, 'माशांचे आजार बरे करतो' असं सांगून. लॅब्रॉइडीस डिमिडिएटस प्रवाळांना काहीच करत नाही. तरी तो घेऊ नका. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकट द्रव हे त्याचं अन्न, घरच्या टँकमध्ये ते पुरत नाही, आणि बहुतेक क्लीनर उपासमारीनं मरतात. समुद्रात त्याची गरज किती मोठी आहे हे ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझार्ड बेटाजवळ दिसलं. तिथल्या काही खडकांवरून साडेआठ वर्षं क्लीनर काढून टाकले, तेव्हा त्या खडकांवरच्या माशांची संख्या आणि विविधता दोन्ही घटली. शिवाय त्याच्याच वेशात फिरणारा अ‍ॅस्पिडॉंटस टेनिएटस हा ब्लेनी गटातला मासा दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो. त्याचं तोंड मुस्कटाच्या खालच्या बाजूला असतं, खऱ्या क्लीनरचं अगदी टोकाला.

४. मासा आणण्याआधी झाकण

हे काम पुढे ढकलू नका. पैसे थोडेच असतील तर ते आधी झाकणावर घाला, मासा नंतर. चौकटीवर ताणलेली पारदर्शक जाळी सगळ्यांत चांगली. उजेड आणि हवा अडत नाही आणि उडी मारलेला मासा त्यावर आपटून परत पाण्यात पडतो. जाळीचं भोक ६ मिलिमीटरच्या आसपास असावं, फ्लॅशर त्याहून मोठ्या भोकातून जाऊ शकतो. पाइप आणि वायरी जिथून आत येतात त्या फटी, ओव्हरफ्लोची (जिथून पाणी बाहेर वाहतं ती) बाजू, खायला घालायची खिडकी, सगळं बंद. रॅस नेमका तिथूनच जातो. दिवे एकदम बंद किंवा चालू केले की मासे बिचकतात, म्हणून उजेड हळूहळू कमी-जास्त होईल अशी व्यवस्था करा.

५. वाळूत झोपणाऱ्यांसाठी वाळू

हॅलिकोरस, लेपर्ड आणि टॅमरिन रात्री वाळूत पुरून घेतात. घाबरले तरी तिथेच शिरतात. त्यांना किमान पाच सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर लागतो. जाडसर, धारदार प्रवाळचुऱ्यात डोकं खुपसून त्यांचं तोंड जखमी होतं आणि ती जखम चिघळते. तळाला वाळू ठेवायचीच नसेल तर दगडामागे वाळूनं भरलेला एक खोलगट डबा ठेवा, मासा तो बरोबर शोधतो. पॉसम, फ्लॅशर, फेअरी आणि सिक्सलाइन दगडात झोपतात, त्यांना वाळूची गरज नाही.

पाण्याबद्दल वेगळं काही नाही. प्रवाळांना मानवणारं, २४ ते २६ अंश तापमानाचं आणि १.०२५ च्या आसपासच्या घनतेचं पाणी यांनाही मानवतं.

६. दुकानात काय बघायचं

विक्रेत्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जो खातो तोच घ्यायचा. पोट आत गेलेलं, डोक्यामागचा भाग चिमटलेला, श्वास जलद, तोंडाला जखम किंवा अंगावर पांढरे ठिपके असतील तर कितीही आवडला तरी सोडून द्या. मासा त्याच दिवशी आलेला असेल तर आठवडाभर तिथेच ठेवायला सांगून बघा. गट घेत असाल तर छोट्या, अजून नराचे रंग न चढलेल्या माद्या मागा. या माशांत मादीचा नर होतो, त्यामुळे गटातली सगळ्यांत वरचढ मादी पुढे आपोआप नर होते. दोन रंगीत नर एकत्र आणण्यापेक्षा हे कितीतरी शांतपणे पार पडतं.

७. विलगीकरण

निदान चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. त्यावरही झाकण हवंच. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि वाळूत झोपणारा असेल तर वाळूचा डबा. डबा दिला नाही तर तो रात्रभर काचेच्या तळावर अंग घासत राहतो.

औषधांबाबत सावध. रॅसना तांब्याची औषधं इतर अनेक माशांपेक्षा कमी सोसतात, लेपर्डना तर फारच कमी. आजार नसताना 'खबरदारी म्हणून' डोस देऊ नका. खाणं सुरू होऊ द्या, अंगावर लक्ष ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार खरंच दिसला तर उपचार टाळू नका, पण तांबं मोजायचं टेस्ट किट हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका आणि प्रमाण एकदम न चढवता काही दिवसांत वाढवा. वाळू तांबं शोषून घेते, म्हणून मोजणी रोज. हे सगळं वेगळ्या टँकमध्येच. मुख्य टँकमध्ये तांब्याचा थेंबही गेला तर कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ मरतील.

८. मुख्य टँकमध्ये सोडताना

तापमान आणि घनता जुळवून घ्या. आधीचे मासे नव्याशी कसे वागतात हे कळेपर्यंत त्याला टँकच्या आत अडकवलेल्या भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवा, तीन-चार दिवस तरी. डब्यातच खायला घाला. बाहेरचे मासे डब्यावर आपटणं थांबवतील तेव्हा दिवे मंद असताना सोडा. वाळूत झोपणाऱ्यांना डब्यात फार दिवस अडकवू नका, किंवा डब्यातही थोडी वाळू घाला.

यलो कोरिस किंवा लेपर्ड सोडल्या सोडल्या वाळूत शिरेल आणि दिसेनासा होईल. एक दिवस, तीन दिवस, कधी आठवडाभर. हे स्वाभाविक आहे. मेला असेल म्हणून वाळू उकरू नका, त्यानं तो आणखी घाबरतो आणि पुरून राहण्याचा काळ वाढतो. काळजी वाटत असेल तर अमोनिया तपासत राहा. पुष्कळदा तो भलत्याच वेळी बाहेर येतो, कारण त्याच्या अंगातलं घड्याळ अजून जुन्या ठिकाणच्या दिवसरात्रीवर चाललेलं असतं. तुमच्या दिव्यांशी जुळायला त्याला काही दिवस लागतात.

९. खाणं आणि पुढची नजर

रॅस दिवसभर चरणारे मासे आहेत. एकदाच भरपूर घालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं घाला: मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), पोषण वाढवलेलं ब्राइन श्रिंप, गोठवलेले कोपेपॉड, पुढे बारीक पेलेट. लाजाळू पॉसमसाठी खाद्य पिपेटनं त्याच्या फटीजवळ सोडा. बाजूनं बघितल्यावर पोट किंचित गोल दिसायला हवं.

पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा तुमच्या त्या कागदावरची यादी घेऊन टँकसमोर बसा आणि एकेक जीव मोजा. कुणाचे पर फाटलेत, कोण खायला येत नाही, कोणत्या गोगलगायी दिसत नाहीत. रॅस कुणाला छळतोय असं दिसलं तर आपोआप निवळेल म्हणून वाट बघू नका, पिडलेला मासा चार-पाच दिवसांत खाणं सोडतो. आणि जाळी घेऊन मागे धावूही नका. रॅस दगडात शिरला की हाती लागत नाही, तुम्ही मात्र प्रवाळ मोडून बसता. पारदर्शक सापळा आणा, दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून त्यातच खायला घाला, आणि तो बिनधास्त आत यायला लागला की दार पाडा. बाकीच्यांना त्या काळात सापळ्यापासून दूर, टँकच्या दुसऱ्या टोकाला खायला मिळेल असं बघा.